'एकूण' दिसलं की बेरीज? शाब्दिक उदाहरणांचा हा सोपा सल्ला कुठे अडकवतो

पालकांच्या आणि प्राथमिक शिक्षकांच्या गटांवर एक सल्ला सतत फिरत असतो. शाब्दिक उदाहरणं शिकवताना मणी-काड्यांत वेळ घालवू नका, मुलांकडून खुणेचे शब्द पाठ करून घ्या, असं त्यात सांगितलेलं असतं. 'एकूण', 'मिळून', 'जास्त' आलं की बेरीज. 'उरले', 'कमी', 'फरक' आलं की वजाबाकी. 'प्रत्येकी' आलं की गुणाकार, 'समान वाटले' की भागाकार. त्याला जोडून आणखी चार विधानं येतात: माँटेसरी साहित्य (मणी, कांड्या अशी हाताळून शिकायची साधनं) बालवाडीपुरतं ठीक, पुढे मूल त्यावर विसंबून राहतं, क्रिया चारच, तेव्हा उदाहरणांचे प्रकारही चारच, साहित्य महाग असतं, आणि परीक्षेत मणी नेता येत नाहीत.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि पहिले काही आठवडे तो लागूही पडतो. बेरजेच्या धड्याखालची जवळजवळ सगळी उदाहरणं बेरजेचीच असतात, त्यामुळे शब्द ओळखून केलेलं उत्तर बरोबर येतं आणि मुलाला समजलं असं सगळ्यांना वाटतं. मिश्र उदाहरणांच्या पानावर मात्र गाडी अडते.

"खुणेचे शब्द आले की उदाहरण सुटतं"

ही चार उदाहरणं पाहा.

रमाकडे काही बोरं होती. तिने १७ वाटली, तेव्हा २५ उरली. आधी किती होती? इथे 'उरली' आहे, पण करायची आहे बेरीज.

वर्गात एकूण ४५ मुलं आहेत, त्यांत २७ मुली. मुलगे किती? 'एकूण' आहे, आणि वजाबाकी करायची आहे.

वही ३५ रुपयांची आहे, जवळ १८ रुपये आहेत. आणखी किती हवेत? 'आणखी' ऐकून मूल ५३ लिहितं.

समीरकडे ३४ गोट्या आहेत. त्या नेहाच्या गोट्यांपेक्षा ९ ने जास्त आहेत. नेहाकडे किती? 'जास्त' या शब्दाने ४३ हे उत्तर हमखास येतं.

यात कोणतंही उदाहरण मुद्दाम फसवं केलेलं नाही, बाजारात आणि घरात प्रश्न असेच उभे राहतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात थॉमस कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बेरीज-वजाबाकीच्या अशा उदाहरणांचं वर्गीकरण केलं. वाढणं, कमी होणं, भाग आणि पूर्ण, तुलना हे त्यांचे चार मुख्य घाट आहेत, आणि प्रत्येकात माहीत नसलेली संख्या वेगवेगळ्या जागी असू शकते. शेवट माहीत नसेल तर उदाहरण सोपं जातं, सुरुवात माहीत नसेल तर अवघड. खुणेचा शब्द फक्त सोप्या प्रकारात काम देतो.

आणखी एक नुकसान होतं. मूल वाचणंच सोडतं, दोन आकडे आणि एक शब्द हुडकतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणितशिक्षण संशोधकांनी लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी आकडे जुळवून वय सांगून टाकलं.

साहित्य इथे कसं उपयोगी पडतं ते नीट सांगायला हवं, कारण चुकीच्या क्रमाने वापरलं तर तेही निरुपयोगी ठरतं.

आधी गोष्ट आकड्यांशिवाय सांगायची: "रमाकडे बोरं होती. तिने थोडी वाटली. काही उरली." मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं, की काय झालं आणि काय विचारलं आहे. मग आसनावर, म्हणजे साहित्य मांडायच्या चटईवर, चिठ्ठ्या ठेवायच्या: 'आधी होती', 'वाटली', 'उरली'. चिठ्ठ्या आधी आणि मणी नंतर. मणी आधी आले, तर समोर दोन ढीग दिसताच मूल ते एकत्र करतं किंवा एकातून दुसरा काढतं आणि गोष्ट विसरतं.

'आधी होती' या चिठ्ठीवर वाटी पालथी ठेवायची, कारण ती संख्या माहीत नाही. आता आकडे सांगायचे. 'वाटली'वर दशकाची १ कांडी (तारेत ओवलेले १० सोनेरी मणी) आणि ७ सुटे मणी, 'उरली'वर २ कांड्या आणि ५ सुटे. मग विचारायचं, "वाटलेली बोरं आधी कुठे होती?" मूल दोन्ही ढीग वाटीखाली सरकवतं. कांड्या झाल्या ३, सुटे १२. त्यांतले १० सुटे बँकेत, म्हणजे शिल्लक मण्यांच्या साठ्यात, देऊन एक कांडी आणली की ४२. बेरजेचं चिन्ह वहीत इथे येतं, म्हणजे हाताने क्रिया करून झाल्यावर. शेवटी ४२ घेऊन गोष्ट पुन्हा सांगायची: ४२ होती, १७ वाटली, २५ उरली, जुळलं. उत्तर तपासण्याची सवय याच पायरीने लागते, आणि घाईत हीच पायरी आधी गळते.

तुलनेच्या उदाहरणाला सोनेरी मण्यांपेक्षा रंगीत कांड्या बऱ्या. त्यांत ३ मण्यांची कांडी गुलाबी, ५ ची फिकी निळी, ८ ची तपकिरी असते. आकडे लहान घ्या: समीरकडे ८, नेहापेक्षा ३ ने जास्त. तपकिरी कांडी ठेवली की पहिला प्रश्न, "नेहाची रांग हिच्यापेक्षा लांब की आखूड?" मूल 'लांब' म्हणालं तर दुरुस्त करू नका, वाक्य पुन्हा वाचायला लावा. मग गुलाबी कांडी तपकिरीच्या उजव्या टोकाला टेकवून ठेवायची. डावीकडे उरलेल्या जागेखाली फिकी निळी कांडी तंतोतंत बसते. हे पाच-सहा वेगळ्या जोड्यांनी झालं की ३४ आणि ९ वर जायचं.

मराठीत एक अडचण जास्तीची आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, वीस नंतर. 'एकोणचाळीस' मध्ये चाळीस ऐकू येतात आणि दशक असतात तीन. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस पाच' असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला, त्यामागे हीच अडचण होती. गोष्ट ऐकून मूल एकोणचाळिसासाठी ४ कांड्या आणि ९ मणी मांडतं तेव्हा चूक ऐकण्यातली आहे की समजण्यातली, हे आसनावर लगेच दिसतं. वहीत दोन्ही चुका सारख्याच दिसतात. अशा वेळी '३९' चं संख्याकार्ड शेजारी ठेवावं आणि गोष्ट तशीच पुढे न्यावी.

"मूल साहित्यावर विसंबून राहतं"

असं होतं, हे खरं आहे. पण ते साहित्यामुळे होत नाही, मधल्या पायऱ्या गाळल्यामुळे होतं. सोनेरी मण्यांत दशक एककापेक्षा दहापट मोठा दिसतो, शतकाचा चौरस शंभर मण्यांचाच असतो. पुढची पायरी स्टॅम्प गेम: सगळ्या चकत्या एकाच आकाराच्या, एकक हिरवा, दशक निळा, शतक लाल, हजार पुन्हा हिरवा. इथे किंमत डोळ्यांना दिसत नाही, रंगावरून आणि लिहिलेल्या आकड्यावरून ओळखावी लागते. नंतर मणिचौकट, म्हणजे तारांवर मणी सरकवायची चौकट. तिथे मण्यावर आकडा नसतो, किंमत तारेच्या जागेवरून आणि रंगावरून कळते. मग कागद. सोनेरी मण्यांवरून थेट कागदावर उडी मारली तर मूल मण्यांकडे परत धावणारच.

पुढच्या पायरीवर कधी जायचं याची खूण मुलाच्या हातात दिसते. अदलाबदल करण्याआधीच ते "आता एक दशक होईल" म्हणतं, किंवा मोजण्याआधी वहीत लिहून मग खात्रीसाठी मोजतं. अशा मुलाला मण्यांवर अडकवून ठेवू नये, आणि खूण दिसण्याआधी मणी काढूनही घेऊ नयेत.

आधी फळ्यावर उत्तर काढायचं आणि मग तेच मण्यांनी 'दाखवायचं', ही पद्धतही बऱ्याच ठिकाणी दिसते. तिथे मणी निव्वळ सजावट ठरतात.

ज्या उदाहरणांत शून्य मध्ये येतं, तिथे मोठ्या मुलांनाही साहित्याकडे परत न्यावं. वाचनालयात ४०३ पुस्तकं होती, १५८ घरी नेली, किती राहिली? कागदावर मूल शतकातून एक घेऊन थेट एककाला १० देतं आणि दशकातलं शून्य तसंच ठेवतं. आसनावर तसं करता येत नाही. शतकाचा चौरस बँकेत दिला तर १० कांड्याच मिळतात. त्यांतली एक पुन्हा देऊन १० सुटे. आता ३ शतक, ९ दशक, १३ एकक. त्यातून १५८ काढले की २४५. दशकाच्या जागी ९ का येतात हे इथे पाठ करावं लागत नाही. बँकेतून आणलेले सुटे मात्र कांडीशेजारी लावून घ्यायला सांगा. नऊ किंवा अकरा आणले जातात आणि सगळं उदाहरण बिघडतं.

"क्रिया चार, म्हणून प्रकार चार"

एकट्या भागाकाराचे दोन प्रकार आहेत. २४ लाडू ६ डब्यांत सारखे भरले, एका डब्यात किती? इथे सहा लाकडी बाहुल्या मांडून एकेक मणी वाटत जायचं. एका बाहुलीला मिळालेले मणी म्हणजे उत्तर. २४ लाडू, एका डब्यात ६, डबे किती? इथे बाहुल्या किती मांडायच्या हेच माहीत नाही. सहा-सहाचे गट करायचे आणि गट मोजायचे. दोन्हींचं उत्तर ४, पण हाताची हालचाल वेगळी.

माँटेसरी वर्गांबद्दलही इथे स्पष्ट बोलायला हवं. भागाकाराची सुरुवात बाहुल्यांनी होते, 'उत्तर म्हणजे एकाला मिळालेलं' हे मुलांना पक्कं बसतं, आणि काही वर्ग तिथेच थांबतात. मग गटांची उदाहरणं आली की मूल गोंधळतं. पुढे ३ ÷ १/२ शिकवताना याची किंमत मोजावी लागते, कारण अर्ध्या माणसाला वाटणी करता येत नाही. तीन भाकऱ्यांत अर्धकोर किती, हे मात्र लगेच मोजता येतं.

बाकीचं काय करायचं हेही गोष्टच ठरवते. ५० ÷ ८ म्हणजे ६, बाकी २. एका जीपमध्ये ८ मुलं बसतात, ५० मुलांना जीप किती? ७. आठ रुपयांची पेनं ५० रुपयांत किती? ६, आणि २ रुपये परत. ५० लाडू ८ जणांत? प्रत्येकी सव्वासहा. ही तीनही उदाहरणं एकाच दिवशी, एकाच ५० मण्यांवर करून घ्यावीत. खुणेच्या शब्दांची यादी इथे काहीच सांगू शकत नाही.

"साहित्य महाग असतं"

कारखान्यात तयार झालेला संच महाग असतो, कल्पना महाग नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं ते खडे, शिंपले, बिया अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर.

दोन मुलांना पुरेल असा तीन अंकी संख्यांचा संच तीन ए-फोर कागदांत होतो. एक सेंटिमीटरच्या चौकटी छापा. प्रिंट करताना आकार १०० टक्के ठेवा, 'पानात बसवा' हा पर्याय नको, नाहीतर चौकट लहान होते. कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. प्रत्येक पानातून १० × १० चे ४ चौरस निघतात, म्हणजे १२. दहा चौरस शतक म्हणून ठेवा, दोन कापून २० दशकपट्ट्या करा. पानाच्या खाली उरलेल्या भागातून ३० सुटे चौकोन कापा. हरवतात म्हणून दहा जास्त कापून डबीत ठेवा.

काड्यांचे गठ्ठेही चांगले, उलट एका बाबतीत सरस: रबर काढलं की दशक खरोखर सुटा होतो, बँक लागत नाही. दशकाची वस्तू एककाच्या दहापट दिसली पाहिजे, एवढी अट सांभाळा. चिंचोका म्हणजे एकक आणि लाल खडा म्हणजे दशक, ही सुरुवात नको. खेळातल्या १, १० आणि १०० रुपयांच्या नोटाही सुरुवातीला नकोत. त्यांची जागा स्टॅम्प गेमच्या पायरीवर.

"परीक्षेत मणी नेता येत नाहीत"

कागद आणि पेन्सिल नेता येते, तेवढं पुरतं. तुलनेच्या दोन कांड्या कागदावर दोन पट्ट्या होतात, पालथ्या वाटीच्या जागी रिकामी चौकट येते. हे चित्र आधी मण्यांशेजारी काढायचं, मग मण्यांऐवजी. पट्टीत मण्यांची संख्या मोजून ठिपके काढू देऊ नका, आकडा लिहिला की झालं.

दोन पायऱ्यांच्या उदाहरणांत या चित्राचा खरा उपयोग होतो. ३ पेट्या, प्रत्येकीत ४८ आंबे, १७ खराब निघाले, चांगले किती? ४८ च्या तीन पट्ट्या सलग काढायच्या आणि शेवटी १७ चा तुकडा रेघांनी भरायचा. मग मुलाला विचारायचं, की न भरलेला भाग मिळण्याआधी काय माहीत हवं. ते सगळ्या पट्टीवर बोट फिरवून "हे सगळं" म्हणालं, तर १४४ आणि मग १२७ हा क्रम त्याला सुचला आहे. ते ४८ मधून १७ वजा करून तिप्पट करायला निघालं, तर प्रत्येक पेटीत १७ खराब असं त्याने वाचलं आहे. मग आकडेमोड न तपासता वाक्याकडे परत न्यायचं.