बर्फाचं पाणी मजेसाठी असू द्या, औषध म्हणून विकू नका

मला बर्फाच्या पाण्यात उतरायला आवडतं. का, तर मजा येते. श्वास अडकतो, मग हळूहळू ताब्यात येतो, आणि बाहेर आल्यावर लालबुंद अंगात जी तरतरी येते तिला तोड नाही. गच्चीवर कोवळं ऊन, कानटोप्या घालून ओरडणारी मंडळी, शेजारी उकळणारा आल्याचा चहा. कॅनडातल्या व्हँकूव्हरला १९२० पासून दर १ जानेवारीला लोक असेच गारठलेल्या समुद्रात उतरतात, निव्वळ हौसेपोटी.

आपल्या पुण्याला तर ही हौस विकत आणावी लागते. इथला नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश. म्हणजे तेव्हाही पारा शून्याखाली गेला नव्हता. ३०० लिटरच्या टबातलं २० अंशांचं पाणी १० वर आणायचं तर हिशेबाने ३३ किलो बर्फ लागतो. एवढा बर्फ चार मजले चढवणाऱ्या पोरांचं मला कौतुकच आहे.

राग येतो तो या मजेवर औषधाचं लेबल लावणाऱ्यांचा. ‘दोन मिनिटं बसा, डोपामिन अडीचशे टक्के वाढेल,’ असं रीलवर छातीठोकपणे सांगतात. डोपामिन म्हणजे उत्साह-आनंदाशी जोडलं जाणारं शरीरातलं रसायन. तो आकडा २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातला. त्यात तरुण पुरुषांना १४ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत तब्बल एक तास बसवलं होतं! हा तास रीलमध्ये कुणी सांगत नाही. व्यायामानंतर लगेच बर्फात बसवणाऱ्या जिमवाल्यांनी २०१५ चा अभ्यासही वाचावा. १२ आठवडे दर वेळी वजनं उचलून झाल्यावर गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू, हलका व्यायाम करून अंग सैल करणाऱ्यांपेक्षा कमी वाढले.

औषध म्हटलं की माणूस डोस वाढवतो. काल दोन मिनिटं, आज पाच, उद्या शेजारच्यापेक्षा जास्त. मला भीती वाटते ती इथे.

कारण खरा धोका पहिल्याच मिनिटात असतो. कातडी एकदम गार पडली की आपल्या इच्छेशिवाय मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते, नाडी आणि बीपी चढतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत जातं. त्यात डोकं बुडवून श्वास रोखला तर शरीर एकीकडे हृदयाला पळवतं आणि दुसरीकडे आवरतं. अशा ओढाताणीत धडधाकट माणसाच्याही ठोक्यांची लय बिघडू शकते. हा धक्का १० ते १५ अंशांच्या पाण्यातही जवळपास पूर्ण बसतो, म्हणून पारा आणखी खाली नेण्याच्या चढाओढीला काही अर्थ नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. उडी मारू नका, पायापासून सावकाश उतरा. डोकं बाहेर ठेवा. श्वास संथ होईपर्यंत दुसरं काही करू नका. उतरण्याआधी भराभर श्वास घ्यायची ती टूम तर पाण्याच्या आसपासही नको, पाण्यातच शुद्ध हरपू शकते. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी काठावर बसून आरडाओरडा करावा, तोही या खेळाचा भागच आहे. एकट्याने तर कधीच नाही, घरच्या ड्रममध्येसुद्धा नाही. नवख्यांनी थोडा थोडा वेळ उतरावं. अशा पाच-सहा वेळांनंतर सुरुवातीचा धक्का बराच ओसरतो आणि मग खरी गंमत कळते.

आणखी एक, खास पुणेकरांसाठी. बाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. ओले कपडे बदलून, स्वेटर चढवून, चहा पिऊन झाला की मग कापरं भरतं, आणि बोटांना ब्रेक नीट दाबता येत नाही. आमच्याकडे म्हणूनच उतरण्याआधी सगळ्यांच्या दुचाकीच्या किल्ल्या काठावरच्या एका काकूंकडे जमा होतात. शर्टाचं बटण स्वतःच्या हाताने लावून दाखवल्याशिवाय त्या किल्ली परत देत नाहीत.