लेपिडोटिसच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

सिरोंचाजवळच्या कोटा गावात सापडलेल्या लेपिडोटिस या जीवाश्म माशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'भूविज्ञानाची पदवी नसताना, कोल्हापुरात बसून, जीवाश्मांवर इतकं ठामपणे लिहू नये. या वंशातल्या बऱ्याच जाती आता दुसऱ्या वंशांत गेल्यात, त्याचा उल्लेखच नाही. फोटोत मोजपट्टीही नाही.'

मोजपट्टीचं मान्य. खवल्यांशेजारी निदान एक नाणं तरी ठेवायला हवं होतं.

पण ते पहिलं वाक्य? ही टीका नाही, दटावणी आहे. आणि पदवीच काढायची, तर हा मासा जगापुढे आणला कुणी ते बघा. १८५१ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात त्याच्यावर लिहिलं कर्नल साइक्स यांनी. ते फौजेतले. नमुन्यांचं वर्णन केलं फिलिप एगर्टन यांनी. ते ब्रिटिश संसदेचे सदस्य, माशांचे जीवाश्म हौसेनं जमवणारे. त्यांनाही तुम्ही गप्प बसवलं असतं का?

आता कोल्हापूर. माझे वडील खडीच्या खाणीवर मुकादम होते. शाळेच्या सुट्टीत मी तिथंच असायचो. सुरुंग उडाला की फुटलेला दगड उलटापालटा करून बघायचो, एखादा शिंपला तरी दिसेल म्हणून. काही म्हणता काही दिसलं नाही. दिसणार कुठून? आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. कोट्याचा चुनखडक त्याच्या कितीतरी आधीचा, ज्युरासिक काळातला, गोड्या पाण्याच्या तळाशी थरावर थर बसून झालेला. लेपिडोटिसचे शंकरपाळ्याच्या आकाराचे खवले जाड हाडाचे, वर दातासारखा कडक, चकचकीत थर. म्हणून ते तिथं एकाला एक लागून शाबूत राहिले. लहानपणभर काळा दगड धुंडाळलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणार नाही, तर कुणाला वाटेल? तुम्ही म्हणता कोल्हापुरात बसून लिहू नये. मी म्हणतो, कोल्हापूरचा आहे म्हणूनच लिहिलं.

राहिली वंशाची नावं. इंग्लंडातली एक जाती शीन्स्टिया या दुसऱ्या वंशात गेली, हे मलाही ठाऊक आहे. पण लेख वर्गीकरणावर नव्हता. विषय संपला.

तुमची पदवी कोणती, हे तुम्ही कुठं लिहिलेलं नाही. मी विचारतही नाही. पुढचा लेख कोट्याच्याच टेट्रागोनोलेपिस या दुसऱ्या जीवाश्म माशावर आहे. त्याखाली जरूर लिहा, पण माशाबद्दल लिहा.