आरोपाला तासभर, निकालाला ओळभर

वृत्तवाहिन्यांनी धर्मावर बोलूच नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. मंदिरप्रवेश, तलाक, भोंगे यांवर बोललंच पाहिजे. पण रोज रात्री तासभर आरोप करायचे आणि निकाल लागला की गप्प बसायचं, याचा मला मनापासून संताप येतो.

मार्च २०२० आठवा. दिल्लीत निजामुद्दीनच्या मरकजमध्ये, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या केंद्रात, जमलेल्या तबलिगींमध्ये करोनाचे रुग्ण सापडले. एवढी गर्दी का जमू दिली, परदेशातून आलेल्यांची तपासणी झाली होती का, हे प्रश्न रास्तच होते. पडद्यावर मात्र ‘कोरोना जिहाद’ झळकलं आणि साथीची चर्चा एका अख्ख्या समाजावरचा खटला बनली. लोक भाजीवाल्यांची नावं विचारू लागले.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने यातल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा बनवल्यासारखं दिसतं, माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला, असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलं आहे. खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींना निकाल मान्य होता, पण सगळी निरीक्षणं मान्य नव्हती, आणि तेही त्यांनी वेगळं नोंदवलं. कुठे पटतं, कुठे पटत नाही, हे इतकं नेमकं सांगणारा एकही माणूस मला त्या चर्चांमध्ये दिसला नव्हता. या निकालावर किती वाहिन्यांनी तासभर चर्चा लावली?

पूर्वी सगळं सभ्य होतं, असंही नाही. मुलींसाठी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रण पेटलं होतं. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. तरीही त्या वादात रा. गो. भांडारकर कायद्याच्या बाजूने धर्मशास्त्रातली वचनं काढून सविस्तर लिहीत होते, टिळक त्यांच्या विरोधात लिहीत होते, आणि दोन्ही बाजू वाचकाला निवांत ताडून बघता येत होत्या. आज पाच चौकटींतले पाच जण एकाच वेळी ओरडतात. धर्मग्रंथ कुणी उघडत नाही, राज्यघटनेचं धर्मस्वातंत्र्याचं २५ वं कलमही नाही.

वाहिन्यांच्या स्वनियमनात दंडाची कमाल मर्यादा होती एक लाख रुपये! हा दंड परिणामकारक नाही, असं २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं. दंड वाढवाच. पण मला त्याहून हवी आहे ती वेळेची भरपाई. ज्या वाहिनीने आरोपावर जितके तास घालवले, तितकेच तास, रात्रीच्या त्याच वेळेला, त्याच सूत्रसंचालकाने निकाल वाचून दाखवण्यात घालवावेत.