रेसिंग फक्कड होतं, डर्बी मात्र अर्धीच राहिली

३१ ऑगस्ट २००८, रविवार. इंग्लंडच्या डॉनिंग्टन पार्क ट्रॅकवर सुपरलीग फॉर्म्युलाच्या पहिल्या शर्यती झाल्या. लिव्हरपूल, टॉटनहॅम, रेंजर्स, एसी मिलान, रोमा, पोर्तो, गालातासराय, फ्लामेंगो, बीजिंग गुओआन अशा फुटबॉल क्लबांची नावं आणि रंग घेऊन सिंगल सीटर, म्हणजे एकाच माणसाच्या उघड्या रेसिंग गाड्या धावल्या. त्याच रविवारी लिव्हरपूलचा संघ बर्मिंगहॅमला ॲस्टन व्हिलाशी ०-० खेळत होता. टॉटनहॅमने चेल्सीच्या मैदानावर १-१ बरोबरी केली. रेंजर्सने तर ग्लासगोत सेल्टिकला त्यांच्याच घरी ४-२ ने हरवलं. म्हणजे ज्या तीन ब्रिटिश क्लबांच्या जिवावर डॉनिंग्टनला गर्दी जमवायची, त्या तिघांचेही पाठीराखे त्या दिवशी दुसरीकडे नजर लावून बसलेले.

आपल्याकडेही आता संघांच्या रेसिंग लीग आल्या आहेत. इंडियन रेसिंग लीगमध्ये गोव्याच्या नावाचा संघ आहे, सुपरक्रॉस बाइकची लीग २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. म्हणून या जुन्या प्रयोगाचा हिशेब नीट मांडायला हवा. माझं स्पष्ट मत आहे की सुपरलीग फॉर्म्युलाचा वीकेंड रेसिंग म्हणून उत्तम रचलेला होता. तो मार खाऊन गेला फुटबॉलच्या बाजूने.

आधी गाडी. सगळ्यांना एकच, पॅनोझ डीपी०९, अमेरिकेतल्या एलान कंपनीने बांधलेली. इंजिन मेनार्डचं ४.२ लिटर व्ही-१२, ताकद ७५० हॉर्सपॉवर, टायर मिशेलिनचे. या इंजिनाच्या आवाजावर आजही लोक जीव टाकतात, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात निम्मे सिलिंडर पेटतात, म्हणजे इथे सहा. मिनिटाला १०,००० फेरे धरले तर सेकंदाला १६६ होतात, त्याला सहाने गुणलं की सेकंदाला सुमारे हजार स्फोट, तेही समान अंतराने. म्हणून व्ही-१२ गुरगुरत नाही, एक सलग उंच सूर लावतं.

गाडी सगळ्यांची सारखी असली की फरक पडतो सेटिंगने. डॉनिंग्टनचंच बघा. रेडगेटच्या वळणातून बाहेर पडलं की क्रेनर कर्व्हजचा उतार लागतो, गाडी खाली खाली जात डावीकडे वळते आणि तळाला ओल्ड हेअरपिन. इथे पुढचा विंग, म्हणजे हवेच्या दाबाने नाक खाली दाबणारा पंख, जास्त उभा ठेवला तर गाडी वळायला चपळ होते; पण उतारावर ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर जरा जरी सोडला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटते. उलट विंग पाडला तर क्रेनर सुखाने पार पडतं, पण पुढे मेलबर्न हेअरपिनला नाक वळत नाही, गाडी बाहेर बाहेर जाते. मधला मार्ग म्हणजे पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीला कलू न देणारी सळई) थोडा मऊ करायचा, विंगला अर्धा-एक अंशापेक्षा जास्त हात लावायचा नाही आणि ब्रेकचा तोल एकेक टप्पा सरकवत बघायचा. शुक्रवारी हे जमलं नाही की शनिवारचं क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कुठून सुटायचं ते ठरवणारी फेरी, गेलंच समजा.

क्वालिफाइंग फुटबॉलच्या वर्ल्डकपासारखं होतं. चिठ्ठ्या टाकून दोन गट, प्रत्येक गटातले पहिले चार क्वार्टरफायनलला, मग दोन-दोन गाड्या एकमेकींसमोर. ज्याचा लॅप वेगवान तो पुढे. सेमीफायनल, फायनल, मग पोल, म्हणजे सुटताना सगळ्यात पुढची जागा. बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही, हे याचं मोठं यश. ड्रायव्हरची मात्र कसोटी. फायनलला पोचणाऱ्याला गटाखेरीज आणखी तीनदा जीव तोडून लॅप मारावा लागतो, आणि प्रत्येक वेळी टायर योग्य तापमानाला आणूनच. टायर कमी गरम असला तर पहिल्याच ब्रेकिंगला चाक लॉक होतं आणि रबरावर सपाट डाग पडतो. मग त्या टायरवर गाडी थरथरत राहते. जास्त तापला तर लॅपच्या शेवटच्या दोन वळणांत पकड जाते. एका लॅपची चूक भरून काढायला दुसरा लॅप नसतो.

रविवारी दोन शर्यती. पहिलीची ग्रिड, म्हणजे सुटताना गाड्यांचा क्रम, क्वालिफाइंगवरून, दुसरीची पहिल्या शर्यतीच्या निकालाच्या बरोबर उलट. जिंकणारा शेवटी उभा. गुण मात्र दोन्हींना सारखे: पहिल्याला ५०, मग ४५, ४०, ३६, ३२, २९ असे उतरत जाणारे. पहिली शर्यत जिंकून दुसरीत अठराव्या जागेवरून सहाव्यापर्यंत आलात तर ७९ गुण. दोन्हींत शहाण्यासारखे चौथे आलात तर ७२. म्हणजे जिंकणाऱ्याचा मान राहतो, पण त्याला दुसऱ्या शर्यतीत घाम गाळावा लागतो. हे मला फार पटतं.

एक भोक मात्र राहिलं होतं, आणि ते खालच्या फळीत. १८ गाड्या धरा. पहिल्या शर्यतीत दहावा आलात तर १८ गुण मिळतात आणि दुसरीत नवव्या जागेवरून सुटता. तिथेच राहिलात तर आणखी २०, एकूण ३८. तेच मुद्दाम सोळावे आलात तर गुण ७, पण दुसरीत तिसऱ्या जागेवरून सुटायचं. तिसरी जागा टिकवली की ४०, एकूण ४७. मागे राहून नऊ गुणांचा फायदा! सगळी ग्रिड उलटवली की हे होणारच. जीपी-२ मध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या मालिकेत, दुसऱ्या शर्यतीसाठी फक्त पहिले आठ उलटवत. तिथे आठव्याच्या मागे असणाऱ्याला मागे राहून काहीच मिळत नाही, सगळी झटापट आठव्यात येण्यासाठी होते. तोच नियम इथे हवा होता.

२००९ पासून सुपर फायनल आली. दोन शर्यतींचे गुण मिळून वरचे सहाजण, फक्त पाच लॅप, जिंकणाऱ्याला १ लाख युरो. वीकेंडचा हा सगळ्यात झणझणीत भाग. इथे टायरच्या हवेचा हिशेब बदलतो. लांब शर्यतीला हवा थोडी कमी भरून निघतात, कारण टायर तापला की दाब आपोआप चढतो. पाच लॅपमध्ये तेवढा वेळ नाही, म्हणून सुरुवातीलाच दाब जास्त ठेवावा लागतो. जुन्या सवयीने कमी भरला तर पहिले दोन लॅप गाडी बोटीसारखी डोलते आणि तोवर पुढचे निघून जातात.

इथवर सगळं चोख. आता क्लबांकडे येऊ.

पहिली अडचण रंगांची, आणि ती आयोजकांनी सुरुवातीलाच सोडवायला हवी होती. एसी मिलान लाल-काळं, फ्लामेंगोही लाल-काळं. ॲटलेटिको माद्रिद, ऑलिंपियाकोस, पीएसव्ही आइंडहोव्हन तिघेही लाल-पांढरे. लिव्हरपूल लाल, सेव्हियाच्या पांढऱ्यावर पुन्हा लाल. माणसाच्या छातीवर उभे पट्टे ओळखू येतात, कारण शर्ट सपाट आणि समोर असतो. सिंगल सीटरच्या अंगावर तेवढी सपाट जागाच नसते. साइडपॉडवर, म्हणजे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांवर, पट्टे लावले की लांबून ते एकमेकांत मिसळतात आणि ताशी दोनशेच्या वर वेगात नुसता गुलाबी धूसर ढग दिसतो. प्रेक्षकाची नजर तीनच ठिकाणी टिकते: नाकाचं टोक, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा, इंजिनाला हवा देणारा एअरबॉक्स आणि मागच्या विंगची बाजूची पाटी. पट्टेवाल्या क्लबांना या तीन जागी प्रत्येकी एकच सपाट, वेगळा रंग द्यायला हवा होता, मग तो तिसऱ्या जर्सीचा का असेना. आणि क्लबचं चिन्ह हातभर मोठं, एअरबॉक्सवर. गाडीवर जी सर्वांत उठून दिसणारी जागा, ती क्लबाची.

दुसरी अडचण त्याहून खोल, डर्बीची, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या लढतीची. रेंजर्स होते, सेल्टिक नव्हतं. मिलान होतं, इंटर नव्हतं. रोमा होतं, लाझिओ नव्हतं. गालातासराय होतं, फेनरबाचे नव्हतं. टॉटनहॅमसमोर आर्सेनल नाही, डॉर्टमुंडसमोर शाल्के नाही, लिव्हरपूलसमोर ना एव्हर्टन ना मँचेस्टर युनायटेड. क्लबाचं प्रेम निम्मं आपल्या संघावर असतं आणि निम्मं समोरच्याला हरवण्यावर. तुर्कस्तानातल्या माणसाला आपल्या गाडीने डेन्मार्कच्या मित्युलँडला मागे टाकलं याचं काय सुखदुःख? शिवाय २००८ आणि २००९ च्या सगळ्या फेऱ्या युरोपात झाल्या. फ्लामेंगो आणि कोरिंथियन्सच्या माणसांना आपली गाडी टीव्हीवरच बघायची. मोन्झाला मिलानची गाडी धावली, माद्रिदजवळच्या हारामाला ॲटलेटिकोची, झोल्डरला अँडरलेख्टची. असं घर प्रत्येकाला मिळायला हवं होतं.

तिसरी गोष्ट, गाडी क्लबाची नव्हतीच. चालवणारे रेसिंग संघ वेगळे, क्लबाचं फक्त नाव आणि रंग. पहिल्या वर्षी बीजिंग गुओआनची गाडी जर्मनीच्या झाकस्पीडने सांभाळली, चालवली इटलीच्या डावीदे रिगॉनने, आणि विजेतेपद बीजिंगला. २००९ ला लिव्हरपूल जिंकलं, आद्रियान व्हाल्येसमुळे. २०१० ला पुन्हा रिगॉन, पण आता बेल्जियमच्या अँडरलेख्टच्या गाडीत. म्हणजे किताब ड्रायव्हरच्या मागे फिरला. फुटबॉलमध्येही खेळाडू क्लब बदलतात, पण एक गेला तरी उरलेले दहा, मैदान आणि शंभर वर्षांचा इतिहास जागेवर राहतो. इथे ड्रायव्हर गेला की मागे फक्त स्टिकर.

याला काही सुंदर अपवाद होते, आणि ते विसरू नयेत. मारिया दे व्हिलोटा माद्रिदची, आणि तिने गाडीही ॲटलेटिको माद्रिदचीच चालवली. गाव, क्लब आणि ड्रायव्हर एका रेषेत आले की नातं आपोआप जुळतं. आपला नरेन कार्तिकेयन २०१० मध्ये पीएसव्हीच्या गाडीत होता. आपल्यासाठी ती गाडी नरेनची होती, आइंडहोव्हनची नव्हे. त्याच नरेनने ए-१ ग्रांप्रीत, म्हणजे देशांच्या संघांच्या मालिकेत, तिरंगी गाडी जिंकून आणली तेव्हा उसळलेला आनंद आठवा.

२०११ मध्ये आयोजकांनी बरेचसे क्लब सोडून देशांची नावं आणली. आसेन आणि झोल्डर अशा दोनच फेऱ्या झाल्या आणि सगळं थांबलं. शेवटचा किताब ऑस्ट्रेलियाच्या नावावर.

हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की गर्दी कशाने जमते ते तिथलं पोरगंही सांगेल. त्याच गावाजवळ मोहितेज रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या बुटक्या रेसिंग गाड्यांच्या, फेऱ्या तिथे झाल्या आहेत. फुटबॉल आणि रेसिंग दोन्हींचं वेड एका मातीत असलेली गावं जगात मोजकीच. इथे हा प्रयोग साडेसातशे हॉर्सपॉवरशिवाय, भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टवर होऊ शकतो. आठ तालमी, प्रत्येकीची एक कार्ट, ड्रायव्हर त्याच पेठेतला. ड्रायव्हर आणि सीट मिळून वजन सगळ्यांचं सारखं भरलं पाहिजे. कमी पडेल तेवढ्या शिशाच्या पट्ट्या सीटखाली बोल्टने आवळायच्या, नुसत्या ठेवायच्या नाहीत, कारण वळणात सुटलेली पट्टी पेडलखाली जाते. कार्ट चिठ्ठीने द्यायच्या आणि दुसऱ्या शर्यतीला अदलाबदल करायची, म्हणजे एखादं इंजिन जरा ढिलं असलं तरी कुणावर अन्याय नाही. ग्रिड उलटवायची ती पहिल्या चौघांचीच. तारीख फुटबॉलचा हंगाम संपल्यावरची, मृगाच्या पावसाआधीची. आणि नोंदणी जोडीनेच घ्यायची: एका तालमीने नाव दिलं आणि तिच्या पारंपरिक प्रतिस्पर्ध्याने दिलं नाही, तर दुसऱ्याचा फॉर्म येईपर्यंत पहिलीचाही बाजूला ठेवायचा.