सुई नको म्हणून सुई

साताऱ्याहून आत्याचा फोन. "अगं, गाठीत सुई घालून तपासणार होते ना गुरुवारी, ते मी रद्द केलं. न टोचताच कळतं म्हणे आता." मागोमाग तो फॉरवर्ड: अणूंचा फोटो काढणारं नवं यंत्र पेशीला नुसतं शिवून पाच मिनिटांत कॅन्सर ओळखतं, कॅन्सरची पेशी मऊ असते, बायोप्सीची गरज संपली.

'नवं' म्हणे! हे यंत्र म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, 1986 सालचा. बिनिग, क्वेट आणि गर्बर या शास्त्रज्ञांचा. फोटोबिटो तो काढत नाही. केसाहून पातळ पट्टी, तिच्या टोकाला सुई, पाठीवर लेसर. सुई टेकली की पट्टी वाकते, लेसरचा ठिपका सरकतो, त्यावरून जोर काढतात. पेशी दाबायला नॅनोन्यूटनभर जोर पुरतो, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहाहजाराव्या भागाचं वजन.

'मऊ असते' हे मात्र बरंचसं खरं, मान्य करावं लागतं. 2007 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना रुग्णांच्या कॅन्सरपेशी त्याच नमुन्यातल्या निरोगी पेशींहून 70 टक्क्यांपेक्षा जास्त मऊ आढळल्या. पण त्या पेशी आल्या कुठून? रुग्णांच्या छातीत साठलेल्या पाण्यातून. आणि ते पाणी काय फुंकर घालून काढलं? सुई टोचूनच! शिवाय ते रुग्ण मूठभर, तेही कॅन्सर पसरल्याचा संशय असलेले. मायक्रोस्कोपची सुई बशीतल्या पेशीला टेकते, आत्याच्या अंगातल्या गाठीला नाही.

मऊपणाचा एक ठरलेला आकडाही नाही. किती वेगाने दाबलं, किती खोल, पेशीच्या मधोमध की कडेला, यावर तो बदलतो. 2018 मध्ये 'नेचर मेथड्स' या विज्ञान-नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरच्या एकाच जातीच्या, एमसीएफ-7 पेशी वेगवेगळ्या पद्धतींनी मोजल्या, तर ताठरपणात हजार पटींपर्यंत फरक निघाला.

हे सगळं सांगून झाल्यावर आत्या हळूच म्हणाली, "पण माझी गाठ तर कडक लागते. म्हणजे तो नाहीच ना?"

तिथे माझं डोकं फिरलं. पेशी मऊ असली तरी गाठ टणक लागू शकते, कारण पेशींभोवती कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं दाट जाळं विणलं जातं. डॉक्टर बोटांनी चाचपतात ती गाठ, एकटी पेशी नव्हे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे गाळलं आणि आत्याने त्यातून नेमका उलटा अर्थ काढला.

गुरुवारची वेळ गेली ती गेलीच. मंगळवारची मिळाली आहे, मी सोबत जाणार आहे. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांना हेच सगळं लिहून पाठवलं. त्यांनी हात जोडलेली इमोजी टाकली आणि खाली लिंबूपाण्याचा व्हिडिओ.