पुन्हा तेच ‘काका, मला वाचवा’!

पाहुणे आले की पुण्याच्या हेरिटेज वॉकला न्यायचं, आणि दर वेळी गाइड शनिवारवाड्यात त्याच किंकाळीवर अडकतो. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा. पौर्णिमेला आवाज येतो म्हणे. अहो, १८२८ च्या आगीत वाडा जळाला, तेव्हा हे भूत कुठे होतं? दिल्ली दरवाजाला ते अणकुचीदार खिळे हत्तींची धडक रोखण्यासाठी, हे मीच पाहुण्यांना सांगायचं. हजारी कारंज्यापाशी तर फक्त सेल्फी! आणि आठव्या शतकातलं, अख्ख्या कातळात कोरलेलं पाताळेश्वराचं देऊळ? ‘वेळ नाही.’ तो गोल नंदीमंडप राहतो बाजूला. तुळशीबागेत खरेदीला मात्र पाऊण तास! भुताच्या गोष्टीच ऐकायच्या तर आमची आत्या काय वाईट होती? फुकट सांगायची, वर भडंगही द्यायची.