‘एक्सफॅट करा आणि निर्धास्त राहा’? थांबा जरा

सध्या जोरात फिरणारा सल्ला असा आहे: ‘मोठी हार्ड डिस्क घेतली की थेट एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ ३२ जीबीच्या पुढे चालत नाही, एनटीएफएस मॅकवर उघडत नाही. एक्सफॅट सगळीकडे चालतं, मग निर्धास्त राहा.’ (एक्सफॅट, फॅट३२ आणि एनटीएफएस ही डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतींची, म्हणजे फाइल सिस्टिम्सची नावं.)

३२ जीबीची मर्यादा फॅट३२ची नाहीच, ती विंडोजने फॉरमॅट करताना घातलेली आहे. डिस्कचे नेहमीचे ५१२ बाइटचे सेक्टर (सगळ्यात छोटे भाग) धरले तर फॅट३२ २ टीबीपर्यंत जातं. त्याची खरी अडचण म्हणजे ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ते घेतच नाही, आणि लग्नाच्या व्हिडिओची एकेक फाइल सहज तेवढी भरते.

एनटीएफएस मॅकवर उघडतं. फाइली वाचता येतात, कॉपी करून घेता येतात. फक्त त्यावर लिहिता येत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये (म्हणजे त्याच्या गाभ्यात) तर २०२१ पासून (आवृत्ती ५.१५) लिहिण्याचीही सोय आहे. घरात मॅक नसेल तर एक्सफॅट कशाला?

‘सगळीकडे चालतं’ हे संगणकांपुरतं बरंचसं खरं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सफॅटचे तपशील खुले केल्यावर लिनक्सचाही प्रश्न सुटला. जुने टीव्ही मात्र अजून अडतात.

‘निर्धास्त राहा’ला माझा ठाम विरोध आहे. एनटीएफएस फाइल-फोल्डरांच्या रचनेतला प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत (जर्नलमध्ये) लिहितं. मध्येच केबल निघाली तर त्या नोंदींवरून रचना सावरता येते. एक्सफॅटला अशी नोंदवहीच नाही. शिवाय कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्याच्या फॅट३२ सहसा दोन प्रती ठेवतं, एक्सफॅट एकच. कॉपी चालू असताना ड्राइव्ह ओढून काढला तर फोल्डरच्या फोल्डर दिसेनासे होऊ शकतात. मुलांचे लहानपणापासूनचे फोटो अशा एकाच डिस्कवर ठेवायला लोकांना सांगणं मला बेजबाबदार वाटतं.

आणखी एक. मोठ्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर, म्हणजे एका फाइलला मिळणारा जागेचा सगळ्यात छोटा तुकडा, १२८ केबीचा करतं. ४ केबीच्या ५०,००० फाइली ठेवल्या तर २०० एमबीच्या मजकुराला ६ जीबीहून जास्त जागा लागते. व्हिडिओंना याचा त्रास नाही, प्रोग्रॅमिंगच्या प्रोजेक्टला नक्की होतो.

विंडोज आणि मॅकमध्ये फाइली ने-आण करायला एक्सफॅट जरूर वापरा. दर वेळी इजेक्ट करूनच काढा, आणि त्यावरच्या प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत एनटीएफएस किंवा एपीएफएसच्या (मॅकची स्वतःची फाइल सिस्टिम) वेगळ्या डिस्कवर ठेवा.